साडी भंडाऱ्याची, पेटी कोठली?

लग्नसराई जवळ आली की घरोघरी आहेराच्या याद्या निघतात. पूर्व विदर्भात या यादीत कोशाच्या साडीचे स्थान वरचे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व आंधळगाव या गावांत मागावर विणली जाणारी ही साडी घेताना घरातील जाणती बाई पोत बोटांनी चाचपते, काठ उलटून पाहते, पदर उजेडात धरते. भाव ठरतो, पैसे मोजले जातात. आणि मग इतक्या पारखून घेतलेली ती साडी दुकानदार एका चकचकीत, पातळ, कोपऱ्यातून उसवलेल्या खोक्यात घालतो. त्या खोक्यावर अनेकदा भलत्याच साडीचे छायाचित्र असते. विणकराचे गाव, कापडाचे नाव, ते कसे जपावे याची एखादी ओळ, यातले काहीही त्यावर नसते.

पेटी ही वस्तू इतकी साधी, की तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. पण भेट देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात वस्तूला लागण्याआधी पेटीला लागतो. पुठ्ठ्याची चांगली पेटी घरच्या टेबलावर, पट्टी, कटर आणि गोंद एवढ्या सामग्रीत तयार होऊ शकते. तिला यंत्र लागत नाही. लागते ते मोजमाप आणि कागदाच्या स्वभावाची ओळख. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे कोसा आहे, पितळेची भांडी आहेत, भौगोलिक मानांकन लाभलेला चिन्नोर तांदूळ आहे, तेथे हे कौशल्य केवळ सुटीतला छंद म्हणून पाहण्यासारखे नाही.

खरे तर घडी घालून पात्र तयार करण्याची कला या भागाला नवी नाही. पळसाच्या पानांचा द्रोण म्हणजे दुसरे काय? सपाट पान घ्यायचे, चार ठिकाणी दुमडायचे, काडीने टोचून ते घट्ट करायचे, की पातळ रस्सा धरणारे भांडे तयार. गोंद नाही, शिवण नाही. पेटीचे तत्त्व हेच आहे. सपाट पृष्ठाला घडी पडली की त्याला ताठपणा येतो आणि चार घड्या एकमेकींना कोपऱ्यात भेटल्या की तो ताठपणा टिकतो. द्रोणात जे काम काडी करते, तेच पेटीत कोपऱ्याची चिकटपट्टी करते. लग्नात मांडल्या जाणाऱ्या रुखवतातही कागदी पेट्या, करंडे आणि नक्षीदार झाकणे करण्याची हौस जुनीच. फरक एवढाच, की रुखवतातली वस्तू एक दिवस दिसण्यासाठी असते, तर भेटीच्या पेटीला प्रवास करायचा असतो.

बाजारात पुठ्ठा मागायला गेलेला नवखा माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो नावांनी. पातळ, गुळगुळीत, दुमडता येणारे ते कार्डशीट. एका बाजूने पांढरे व पाठीमागून करडे ते डुप्लेक्स बोर्ड. मिठाईचे बहुतेक खोके याचेच. जाड, करडा, न दुमडता कापूनच वापरायचा तो कप्पा बोर्ड किंवा ग्रे बोर्ड. वह्या-पुस्तकांच्या बांधणीत दिसतो तो हाच. दोन कागदांच्या मध्ये लाटांची घडी असलेला तो पन्हळी पुठ्ठा. आणि जुन्या बुकबाइंडरांच्या तोंडी अजूनही असलेला पिवळसर स्ट्रॉ बोर्ड, जो गवत-पेंढ्याच्या लगद्यापासून होतो. धानाच्या जिल्ह्यात तणसीचे ढीग पाहणाऱ्यांना हे शेवटचे नाव विशेष वाटावे. धानाच्या तणसीपासूनही कागद-पुठ्ठा होतो. मात्र तिच्यातील वाळूसदृश सिलिका लगदा करताना त्रास देते आणि तिचे तंतू आखूड असल्याने पुठ्ठा ताठ पण ठिसूळ होतो. म्हणून स्ट्रॉ बोर्ड पाठीला चालतो, घडीला चालत नाही.

कागदाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. वहीचा कागद साठ-सत्तरच्या घरात, लग्नपत्रिकेचे कार्ड अडीचशे-तीनशेच्या. लहान पेटीला ३०० जीएसएमचे कार्ड पुरते. २२ बाय २८ इंचांची अशी एक शीट साधारण १२० ग्रॅम भरते, म्हणजे किलोला आठ शीट. साडीच्या पेटीला मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा कप्पा बोर्ड लागतो आणि त्यावर आवरणाचा कागद चढवावा लागतो.

कागदाला दिशा असते

पेटी करणाऱ्यांची पहिली फसगत येथे होते. यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातील तंतू बहुतांशी एका दिशेने पडतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ व स्वच्छ पडते. आडवी घातली तर कागद फुटतो, कडेला पांढरे कुसळ दिसू लागते. दिशा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कागदाचा लहान चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. तो आपोआप गुंडाळी होऊ लागतो. त्या गुंडाळीची लांबी ज्या दिशेने, तीच तंतूंची दिशा. याचे कारण असे, की पाणी प्यायलेला तंतू लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत फुगतो.

पेटीच्या लांब बाजूला समांतर तंतू असावेत. त्यामुळे दोन फायदे होतात. लांबच्या घड्या सुबक पडतात, आणि तळ मध्ये लवत नाही, कारण तंतूंच्या दिशेने कागद अधिक ताठ असतो. आखूड बाजूच्या घड्या अर्थातच तंतूंना आडव्या जातात; तेथे घडीची रेघ जरा अधिक दाबून मारावी.

ही रेघ मारणे, म्हणजे क्रीझिंग, हे या कामाचे मर्म आहे. शाई संपलेले बॉलपेन, विणकामाच्या सुईचे बोथट टोक किंवा लोणी काढण्याच्या सुरीची पाठ, काहीही चालते. कागद कापला जाऊ नये, फक्त दबावा. एका बाजूला खळगी पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा उठतो. पुष्कळजण स्वाभाविकपणे खळगीच्या दिशेने घडी घालतात, आणि तेथेच चुकतात. खळगी बाहेर आणि उंचवटा आत, अशी घडी हवी. उंचवटा आत राहिला म्हणजे बाहेरच्या थरावर ताण येत नाही व कड फुटत नाही. कारखान्यातील यंत्रेही याच नियमाने चालतात.

या यंत्रांच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेत ब्रुकलिन येथे कागदी पिशव्या छापणारा रॉबर्ट गेअर नावाचा व्यावसायिक होता. १८७९ मध्ये त्याच्या छापखान्यात पिशव्यांना घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि रेघ पडण्याऐवजी पिशव्या कापल्या गेल्या. माल वाया गेला, पण गेअरच्या ध्यानात आले, की कापणारी आणि दाबणारी पात्री वेगवेगळ्या उंचीवर एकाच साच्यात बसवली तर एका दाबात अख्खी पेटी कापून, रेघा पडून तयार होईल. तोवर खोके हाताने एकेक कापले जात. आज दुकानात सपाट येणारे आणि क्षणात उभे राहणारे प्रत्येक खोके त्या फसलेल्या छपाईचे वंशज आहे. हाताने पेटी करणारा मात्र गेअरच्या आधीच्या काळात काम करीत असतो. त्याला साचा नाही. म्हणून त्याला प्रत्येक माप समजून घ्यावे लागते.

अर्ध्या सेंटिमीटरची किंमत

समजा, चिन्नोर तांदळाची पाव किलोची थैली ठेवण्यासाठी १० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ उंच अशी पेटी करायची आहे. तळाच्या भागासाठी चारही बाजूंना उंचीइतका कागद हवा. म्हणजे १० अधिक ५ अधिक ५, असा २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोन झाला. कडेपासून ५ सेंटिमीटरवर चार रेघा पाडायच्या. कोपऱ्यात चार लहान चौकोन उमटतात. ते काढून टाकायचे नाहीत. प्रत्येकाची एकच बाजू कापायची, म्हणजे ती चिकटपट्टी होते. तिची कड दोन मिलिमीटर तिरकी छाटावी, नाहीतर ती घडीत अडकते. बाजू उभ्या करून पट्ट्या आतून चिकटवल्या, की तळ तयार.

झाकण तळापेक्षा किंचित मोठे हवे. किती? कार्डाच्या पेटीला लांबी-रुंदीत तीन मिलिमीटर पुरतात. एवढ्या फटीत झाकण न अडकता बसते आणि खालीही घसरत नाही. झाकणाची उंची ३ सेंटिमीटर धरली, तर १०.३ अधिक ६, म्हणजे १६.३ सेंटिमीटरचा चौकोन लागेल.

आता शीटचा हिशेब. २२ बाय २८ इंच म्हणजे ५५.९ बाय ७१.१ सेंटिमीटर. त्यात २० सेंटिमीटरचे चौकोन रुंदीत दोन आणि लांबीत तीन, असे सहा तळ बसतात. रुंदीकडून १५.९ सेंटिमीटरची पट्टी उरते. झाकणाला हवे १६.३. चार मिलिमीटरने घात होतो आणि ती अख्खी पट्टी रद्दीत जाते. झाकणे वेगळ्या शीटमधून काढावी लागतात, एका शीटमध्ये बारा. म्हणजे छत्तीस पेट्यांना तळांच्या सहा आणि झाकणांच्या तीन, अशा नऊ शीट.

झाकणाची उंची ३ ऐवजी अडीच सेंटिमीटर केली, की चौकोन १५.३ चा होतो. उरलेल्या पट्टीत आता चार झाकणे बसतात. सहा शीटमधून छत्तीस तळ आणि चोवीस झाकणे निघतात. राहिलेली बारा झाकणे आणखी एका शीटमधून. एकूण सात. दिसायला पेटी तीच, वापरायला तीच, पण नवाऐवजी सात शीटमध्ये काम भागले. दोन पेट्या करणाऱ्याला याचे काही नाही. दिवाळीच्या तोंडावर हजार पेट्यांची मागणी घेणाऱ्या बचत गटाला मात्र नफा-तोटा येथेच ठरतो. मजुरी कमी करून किंवा हलका कागद लावून वाचवण्यापेक्षा, कापण्याआधी एका कागदावर शीटचा नकाशा काढून वाचवणे केव्हाही बरे. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे सांगावे लागत नाही; कापडावर चोळीची बेतणी करताना त्या हेच करीत आलेल्या आहेत.

साडीच्या पेटीचे प्रकरण

साडीची पेटी ही वेगळी जात. तिला दुमडायचे नसते, बांधायचे असते. घडी घातलेली साडी नीट मावावी म्हणून आतले माप ३६ बाय २६ सेंटिमीटर व उंची ४ सेंटिमीटर धरू. दीड मिलिमीटरचा कप्पा बोर्ड घेतला, तर तळाचा एक तुकडा आणि चार भिंतींचे चार तुकडे वेगवेगळे कापावे लागतात. भिंती तळाच्या बाहेरून लावल्या, तर बाहेरचे माप ३६.३ बाय २६.३ होते. जोड बळकट करण्यासाठी प्रत्येक कोपऱ्यावर बाहेरून कागदी गमटेप लावायची आणि मग आवरणाचा कागद चढवायचा.

झाकणाचे माप काढताना नवशिक्या हमखास चुकतो, कारण तो फक्त पुठ्ठा मोजतो, कागद मोजत नाही. आवरणाचा कागद तळाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून असतो, आणि झाकणाच्या आतही तो वळून गेलेला असतो. कागदाची जाडी ०.२ मिलिमीटर धरली, तरी चार थरांचे ०.८ मिलिमीटर झाले. शिवाय सुटेपणासाठी दोन मिलिमीटर. म्हणून झाकणाचे आतले माप ३६.६ बाय २६.६ सेंटिमीटर ठेवावे. यापेक्षा घट्ट झाकण सुरुवातीला छान वाटते, पण उघडताना आतली हवा ओढली जाते आणि पेटी हातात लोंबकळत राहते. त्यासाठी झाकणाच्या दोन बाजूंना अंगठ्याएवढी अर्धगोल खाच ठेवण्याची पद्धत आहे. ती खाच शोभेसाठी नसते.

आवरणाचा कागद चढवताना दुसरा शत्रू भेटतो, तो म्हणजे पाणी. खळ लावली की कागद ओलावा पिऊन पसरतो. तो लगेच पुठ्ठ्यावर बसवला तर पसरण्याचे काम तेथेच चालू राहते आणि सुरकुत्या पडतात. म्हणून खळ लावून दोन-तीन मिनिटे थांबावे, कागद पसरू द्यावा, मग बसवावा. सुकताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. झाकण वरच्या बाजूने खोलगट होते ते यामुळे. उपाय एकच, आतूनही तेवढाच कागद लावायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. नंतर वजनाखाली रात्रभर दाबून ठेवायचे. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबरमध्ये. तलावांच्या या जिल्ह्यात श्रावणातील हवेत रात्रभरात काही सुकत नाही. दोन दिवस दाबून ठेवावे, किंवा पाण्याचे प्रमाण कमी असलेला फेविकॉलसारखा पांढरा गोंद पातळ थरात वापरावा. दिवाळीच्या पेट्या भाद्रपदात करायला घेतल्या आणि पितृपक्षात त्यांना बुरशी दिसली, असे होऊ द्यायचे नसेल तर कच्चा पुठ्ठाही जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा.

खळीबद्दल एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. कणकेच्या वा मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकण्याची बुकबाइंडरांची जुनी रीत आहे. पुस्तकाला ते चालते. तांदूळ, मिठाई, सुका मेवा अशा खाण्याच्या वस्तूंच्या पेटीत मोरचुदाची खळ कदापि वापरू नये. मोरचूद हे विष आहे. घरात लहान मुले मदतीला बसणार असतील तर तो डबाच उघडू नये.

खाण्याच्या वस्तूंना इतरही नियम लागू होतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास मनाई केली. छपाईची शाई अन्नाला लागता कामा नये, हा त्यामागचा हेतू. हाताने केलेल्या पेटीत आतून रंगीत छापील कागद लावण्याचा मोह होतो, तो येथे आवरावा. तांदूळ आधी स्वच्छ सुती थैलीत वा अन्नासाठी योग्य पाकिटात भरून मगच पेटीत ठेवावा. विक्रीसाठी असेल तर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक हेही छापावे लागते. पेटी कितीही देखणी असली तरी या ओळींसाठी तिच्यावर जागा राखून ठेवलेली बरी. मागाहून चिकटवलेली चिठ्ठी सगळी शोभा घालवते.

रेशीम आणि पुठ्ठ्याचे जमत नाही

आता मूळ प्रश्न. कोशाची साडी पुठ्ठ्याच्या पेटीत किती दिवस राहू द्यावी?

कोसा म्हणजे टसर. तुतीच्या पानांवर पोसलेल्या अळीचे हे रेशीम नव्हे. ऐन, ज्याला इकडे येन म्हणतात, आणि अर्जुन या जंगली झाडांवर वाढणाऱ्या अळीचा हा कोष. पूर्व विदर्भात कोष पिकवण्याचे काम प्रामुख्याने ढीवर समाज करीत आला आणि विणकाम कोष्टी समाज. या धाग्याचा मधासारखा, फिकट तांबूस रंग नैसर्गिक असतो. भौगोलिक मानांकन मिळालेली करवत काटी साडी याच धाग्याची. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. काठाचा रंग अंगात मिसळू नये म्हणून ती तीन धोट्यांनी विणतात. एवढ्या कष्टाचे कापड जेव्हा पिवळे डाग पडून बाहेर निघते, तेव्हा दोष बहुधा साडीवर येतो. कित्येकदा तो पेटीचा असतो.

करडा पुठ्ठा जुन्या रद्दीपासून होतो. त्यात लाकडाचे लिग्निन, जुनी शाई, कागद घट्ट करण्यासाठी वापरलेली तुरटी असे बरेच काही शिल्लक असते. काळ जाईल तसा तो आम्लधर्मी होत जातो. जुने वर्तमानपत्र पिवळे पडून चुरते ते याच कारणाने. हे आम्ल संपर्कातील कापडात उतरते. त्यात जर असेल तर तिला पुठ्ठ्यातील आणि विशेषतः रबरबँडमधील गंधकाची बाधा होते व ती काळवंडते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना दमट हवेत गंजतात आणि गंजाचा डाग रेशमावरून जात नाही. शिवाय एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेले रेशीम घडीच्या रेषेवर चिरते.

म्हणून साडीच्या पेटीत कापड व पुठ्ठा यांच्यामध्ये धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीचा रुमाल घालावा. आम्लमुक्त टिश्यू कागद मिळाल्यास उत्तम. रबरबँडऐवजी सुती फीत. आणि झाकणाच्या आत दोन ओळी छापाव्यात, की ही पेटी देण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही; घरी गेल्यावर साडी मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. विकणाऱ्याला असे लिहिणे अवघड वाटेल. पण साडी दहा वर्षे टिकली, तर तेच घर पुढच्या लग्नाला पुन्हा त्याच विणकराकडे येईल.

पितळेला याहून निराळा जाच असतो. पितळेच्या भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव जुने. गावाचे नावच ‘भाणा’ या भांड्याशी जोडणारे पुष्कळ आहेत. तांब्या-पेल्याची जोडी जड असते, म्हणून साध्या कार्डाचा तळ फाटतो. तेथे पन्हळी पुठ्ठा वापरून लाटा उभ्या येतील अशा भिंती कराव्यात आणि आत भांड्याच्या आकाराचे भोक पाडलेली एक पुठ्ठ्याची चौकट बसवावी, म्हणजे भांडे हलत नाही. हाताचा घाम पुसून, कोरड्या कापडात गुंडाळून मगच ते ठेवावे.

कागद कोठून आणायचा, यालाही महाराष्ट्रात बरी उत्तरे आहेत. हातकागद हा यंत्रकागदाहून पेटीला अधिक मानवतो. तो झाडांपासून नव्हे, तर होजिअरीच्या व शिवणकामाच्या सुती चिंध्यांपासून होतो. तंतू लांब, त्यामुळे घडी फुटत नाही. लिग्निन जवळजवळ नाहीच, त्यामुळे पिवळेपणाची भीती कमी. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याची आणि जुन्नरची कागदाची परंपरा इतिहासात प्रसिद्ध आहे. यंत्रकागदाने ती मोडीत काढल्यावर गांधीजींच्या प्रेरणेने तिला पुन्हा जीव देण्याचा प्रयत्न झाला. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली हातकागदाचे प्रयोग केले. पुण्यात १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. आज देशात हातकागदाचा मोठा व्यवहार जयपूरजवळच्या सांगानेरला होतो. पण भंडाऱ्याहून वर्धा काही दूर नाही. नागपूर ओलांडले की तासाभराची वाट. मगनवाडीत प्रयोग झालेला कागद कोशाच्या साडीला आवरण म्हणून यावा, यात एक जुळणीही आहे. दोन्ही ग्रामोद्योगच.

प्लॅस्टिकबंदीमुळे या विषयाला व्यवहाराची निकडही आली आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणले. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी घातली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळण्याची प्लॅस्टिक फिल्मही आहे. पेटीवरचा तो चमकदार पापुद्रा गेला, तर झाकण बंद कसे ठेवायचे? चार सेंटिमीटर रुंदीचा कागदी पट्टा पेटीभोवती फिरवून खाली चिकटवला, की काम होते. त्याच पट्ट्यावर गावाचे आणि विणकराच्या संस्थेचे नाव छापता येते. अख्खी पेटी छापून घेण्याचा खर्च वाचतो. छापखान्यांना हजारांच्या संख्येत काम हवे असते, आणि लहान गटाची अडचण नेमकी तेथेच होते. पेट्या कोऱ्या ठेवून फक्त पट्टे छापून घेतले, तर शंभराच्या मागणीतही भागते. मागावर उरलेल्या कापडाच्या चिंधीचा एक चौकोन झाकणावर डकवला, तर ग्राहकाला पेटी न उघडता पोत चाचपता येतो.

अर्थात पेटीचा अतिरेकही होऊ शकतो. चुंबकाचे झाकण, आत सॅटिनचे अस्तर, वर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ असे प्रकार लग्नाच्या बाजारात सर्रास दिसतात. असे एकजीव केलेले मिश्रण रद्दीवालाही घेत नाही, कारण त्यातला कागद सुटा होत नाही. साडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खोक्यात जाऊ लागला, तर तो विणकराच्या हातून जातो, हे विसरता येत नाही. कागद, खळ आणि सुती फीत एवढ्यावर थांबलेली पेटी फाटली तर पुन्हा लगद्यात जाते आणि टिकली तर घरात बांगड्या-पत्रांसाठी वापरली जाते.

पेटी करायला शिकवणे फार कठीण नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियानाच्या माध्यमातून राज्यात बचत गटांचे जाळे गावोगावी पोहोचले आहे. त्यात शिवणकाम येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि बेतणी येणाऱ्या हाताला पेटी समजायला एक आठवडा पुरतो. शिकताना पहिल्या दहा पेट्या वर्तमानपत्राच्या जाड पुरवणीवर नव्हे, तर खऱ्या पुठ्ठ्यावरच कराव्यात. पातळ कागदावर केलेली चूक दिसत नाही. मोजण्याची पट्टी पोलादी असावी, प्लॅस्टिकची कटरने कापली जाते आणि नंतर तिच्यावर मारलेली प्रत्येक रेघ वाकडी जाते. कटरचे पाते बोथट होताच पुढचा तुकडा मोडून टाकावा. पाते वाचवण्याच्या नादात पुठ्ठा वाया जातो आणि बहुतेक जखमाही बोथट पात्यानेच होतात.

अडचण आहे ती पहिल्या मागणीची. विणकर आपला माल बहुधा पेटीविना व्यापाऱ्याला देतो, आणि पेटी पुढे शहरात, घाऊक बाजारातल्या खोक्याच्या रूपाने, साडीच्या अंगाखाली येते. त्या खोक्याचे पैसे ग्राहक देतोच. ते फक्त जिल्ह्यात राहत नाहीत. मोहाडी-आंधळगावला थेट जाऊन साडी घेणारे नागपूर-पुण्याचे ग्राहक आता काही कमी नाहीत. खरेदी करताना त्यांनी पेटी कोणी केली, हे एकदा विचारून पाहावे.